सायकलचे परदेशी बिऱ्हाड

आमच्या घरात गेल्या श्रावणापासून बिऱ्हाड शोधण्याचे काम चालू आहे. वाचकांनी घाबरून जाऊ नये. राहते घर आम्ही सोडलेले नाही, आणि नाशिक तर आमच्याच्याने सुटणार नाही. हे बिऱ्हाड हवे आहे फक्त दहा दिवसांसाठी, पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस, आणि तेही युरोपात! बिऱ्हाडकरू सहा. त्यांपैकी चार सायकलवर बसणारे : आमचे डॉक्टर, आमचे इंजिनीयर, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले आमचे बँकवाले, आणि प्रस्तुत लेखक. सायकलवर न बसणाऱ्या दोघी : बँकवाल्यांच्या घरच्या वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती.

इंजिनीयर याला 'बेस' म्हणतात. डॉक्टर 'तळ' म्हणतात, पण त्यात तोफा आणि तंबू दिसू लागतात. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी 'बिऱ्हाड' हा शब्द सुचवला आणि तो मंजूर झाला. कारण बिऱ्हाड म्हटले की त्यात चूल आली, दोरीवर वाळत घातलेले कपडे आले, शेजार आला. मुख्य म्हणजे दार उघडायला घरात कोणीतरी आहे, हे आले.

सायकलवर दूरदेशी जाणाऱ्यांत दोन जाती आहेत. पहिली विंचवाची. बिऱ्हाड पाठीवर, रोज नवे गाव, रोज नवी पथारी. दुसरी आमच्यासारख्या चाकरमान्यांची. एका गावात सामान टाकायचे, सकाळी मोकळ्या पाठीने निघायचे, साठ-सत्तर किलोमीटर हिंडायचे, एखादा घाट चढायचा-उतरायचा आणि दुपारी त्याच दारी परत. मग आंघोळ, जेवण आणि वामकुक्षी. ऐकायला ही जात सुखी वाटते, पण तिची सारी मदार त्या एका गावावर असते. विंचवाचे एक गाव चुकले तर दुसऱ्या दिवशी दुसरे गाव असतेच. बिऱ्हाडकरूचे गाव चुकले की दहाही दिवस चुकतात. आणि हे दहा दिवस ज्या पैशांतून यायचे आहेत ते घराला रंग देण्यासाठी ठेवलेले होते. भिंतींनी आणखी तीन वर्षे कळ काढावी, असा ठराव झाला आहे. तेव्हा चुकून चालणार नाही.

नाशिककरांना सायकलचे वेड कधी लागले हे नेमके सांगता येणार नाही, पण ते वाढले कधी हे सांगता येते. २०१५ साली आमच्या गावचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 'रेस अक्रॉस अमेरिका' या शर्यतीत उतरले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि संघाला मुदत नऊ दिवसांची. दोघा भावांनी आळीपाळीने पायडल मारीत ती मुदतीच्या आत पुरी केली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१७ साली, लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. तेही नाशिकच्याच नेमणुकीवर होते. त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनीही ती पुरी केली. तेव्हापासून गंगापूर रस्त्यावर रविवारी पहाटे जी गर्दी दिसते ती पाहून दूधवालेही बाजूला होतात. दर वर्षी पंढरपूरची वारीसुद्धा इथली मंडळी सायकलवर करतात. माझे स्वतःचे कारण मात्र एवढे उदात्त नाही. चाळिशीत रक्तात साखर निघाली, फिरायला जाण्याचा कंटाळा आला, आणि डॉक्टरांनी स्वतःची जुनी सायकल मला विकली. औषधापेक्षा ती महाग पडली.

महाजनबंधूंना आणि गोकुळनाथांना बिऱ्हाडाचा प्रश्न पडला नाही. ज्याला बारा दिवस झोपायलाच फुरसत नाही त्याला खोली कशाला? प्रश्न पडतो तो आमच्यासारख्यांना, ज्यांना घाट हवा आणि घाटानंतर गरम वरणभातही हवा.

आमचे बरे एवढेच, की चांगले बिऱ्हाड कसे असते हे शोधायला पुस्तक उघडावे लागत नाही. आम्ही चांगल्या बिऱ्हाडातच राहतो. नाशिकहून पश्चिमेला निघाले की तीसेक किलोमीटरवर त्र्यंबक, वर ब्रह्मगिरी. वेळ कमी असेल तर गंगापूर धरणापर्यंत जाऊन यावे. अंगात रग असेल तर उत्तरेला साठेक किलोमीटरवर सप्तशृंगीचा गड आहे, शेवटी घामटा काढणारा चढ आहे. दक्षिणेला इगतपुरी आणि खाली कसाऱ्याचा घाट. म्हणजे चार दिशांना चार रस्ते, सोपे आणि अवघड दोन्ही, आणि दमल्यावर परतायला सपाटी. पाऊस आला तर माघारी फिरता येते. पंक्चर झाले तर टेम्पो मिळतो. आणि घरी ज्यांना सायकल नको त्यांना गोदाकाठ आहे, मेन रोड आहे, नाटक आहे, माहेर आहे. हा शेवटचा मुद्दा मी इथे मोठ्या समजूतदारपणाने लिहिला आहे. पण तो मला श्रावणात सुचलेला नव्हता.

श्रावणात आमच्या ओसरीवर पहिली बैठक भरली तेव्हा चौघांनी चार स्थळे आणली होती. उपवर मुलीसाठी स्थळे आणावीत तशी, आणि प्रत्येकाला आपलेच स्थळ कुलीन वाटत होते.

डॉक्टरांनी आणले फ्रान्समधले बूर द्वाझाँ. आल्प्स पर्वतात, आल्प द्युएझच्या प्रसिद्ध घाटाच्या पायथ्याशी. या घाटाला एकवीस वळणे आहेत, लांबी चौदा किलोमीटरला थोडी कमी, आणि चढ शंभर मीटरला सरासरी आठ मीटर. १९५२ साली 'तूर द फ्रान्स'ची शर्यत प्रथम तिथे गेली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. आता वळणांवर विजेत्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. स्थळ नामांकित. पण नकाशा पसरल्यावर दिसले, की गाव चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले. दरीतला रस्ता सोडला तर जिकडे जावे तिकडे चढ. पहिल्या दिवशी आल्प द्युएझ, दुसऱ्या दिवशी दुसरा घाट, तिसऱ्या दिवशी पाय म्हणतील आज जरा सपाटीवर. सपाटी आणायची कुठून?

इंजिनीयरांचे स्थळ इटलीतले बोर्मिओ. गाव स्वतःच १,२०० मीटर उंचीवर, आणि तिथून स्टेल्व्हिओचा घाट २,७५० मीटरांच्या वर चढतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्यापुढे पोरच म्हणायचे. शेजारी गाव्हियाचा घाट. गावात रोमन काळापासून प्रसिद्ध असलेले गरम पाण्याचे झरे, म्हणजे दुखऱ्या पायांची सोय. सारे उत्तम. पण हे उंच घाट हिवाळ्यात बर्फाने बंद होतात आणि उघडतात ते मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, तेही बर्फाच्या मर्जीने. १९८८ साली जूनच्या ५ तारखेला इटलीच्या मोठ्या शर्यतीतले स्वार गाव्हियावर हिमवादळात सापडले होते. माझी सुटी मे आणि अर्धा जून. शासन सुटी पुढे ढकलणार नाही आणि बर्फ मागे सरणार नाही. स्थळ चांगले, पण पत्रिका जुळेना.

बँकवाल्यांनी स्पेनचे मायोर्का बेट सुचवले. उत्तरेला पोयेन्सा नावाचे गाव, शेजारी समुद्र, मागे डोंगर, एका बाजूला सपाट शेते. तिथला सा कालोब्राचा रस्ता म्हणजे एक गंमतच आहे. आधी समुद्रापर्यंत साडेनऊ किलोमीटर उतरायचे आणि मग तेवढेच चढून परत यायचे, कारण दुसरी वाटच नाही. मध्ये एका वळणावर रस्ता स्वतःच्याच पोटाखालून जातो. वसंतात युरोपभरचे सायकलवाले सरावाला तिथे जमतात, भाड्याने सायकल मिळते. याच उपसागराच्या नावाने अगाथा ख्रिस्तीने एक गोष्ट लिहिली आहे, हे मी पदरचे सांगितले. अडचण एवढीच, की बेट म्हटले की विमान आणखी एकदा बदलणे आले. याच देशातले जिरोना हे शहर उपसूचना म्हणून आले. व्यावसायिक सायकलपटू वर्षानुवर्षे तिथे बिऱ्हाड करून राहतात, आणि ज्या गावात त्या धंद्याचीच माणसे घर करतात तिथले रस्ते वाईट कसे असतील? खरे सांगायचे तर जिरोनात खोट काढायला फारशी जागा नव्हती. ते हरले ते माझ्या वशिलेबाजीमुळे.

कारण माझे स्थळ होते बेद्वँ. फ्रान्सच्या दक्षिणेला, माँ व्हाँतू या एकट्या उभ्या डोंगराच्या पायथ्याचे खेडे. व्हाँतूची उंची १,९०० मीटरहून किंचित अधिक. बेद्वँपासून माथा एकवीस किलोमीटर आणि चढ सुमारे १,६०० मीटर. नाशिककरांसाठी सांगायचे तर कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतचा चढ जेमतेम तीनशे मीटर. तसे पाच घाट एकावर एक रचावेत! माथा बोडका, पांढऱ्या दगडांचा, दुरून बर्फासारखा दिसणारा. १९६७ साली १३ जुलैला इंग्लंडचा टॉम सिम्प्सन भर शर्यतीत, उन्हाच्या तडाख्यात, माथा दृष्टिपथात असताना कोसळला आणि गेला. त्याच्या पोटात उत्तेजक गोळ्या होत्या. पण माझे कारण सिम्प्सन नव्हे. माझे कारण पेत्रार्क हा कवी. १३३६ सालच्या एप्रिलमध्ये तो व्हाँतू चढला आणि त्या चढाईवर त्याने लिहिलेले पत्र युरोपच्या वाङ्मयात अमर झाले. मराठीच्या प्राध्यापकाने कवीच्या मागून डोंगर चढावा यापरते भाग्य कोणते? मी बैठकीत दहा मिनिटे बोललो. वर्गात बोलतो तसाच बोललो, आणि परिणामही तसाच झाला. डॉक्टर पेंगले.

आत माजघरात आमचे नाना पोथी वाचीत होते. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म पंचवटीतल्या जुन्या वाड्यात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे, बिऱ्हाड शोधण्याचा विषय ना? मग नाशिककरांनी दुसरीकडे कशाला विचारायचे? पहिले बिऱ्हाड इथेच शोधले गेले."

आणि त्यांनी अरण्यकांड सांगितले. रामाने अगस्तींना विचारले, राहावे कुठे? अगस्तींनी पंचवटी सुचवली. गोदावरी जवळ, फळे-मुळे भरपूर. पण एवढ्यावर रामाने झोपडी ठोकली नाही. पंचवटीत आल्यावर त्याने लक्ष्मणाला नेमकी जागा शोधायला सांगितले, आणि जागा कशी हवी तेही सांगितले. पाणी जवळ हवे, समिधा आणि दर्भ हवेत, फुले हवीत. आणि जिथे सीतेला करमेल, तुला करमेल आणि मला करमेल, अशी जागा हवी. "क्रम लक्षात ठेवा," नाना म्हणाले. "सीतेचे नाव पहिले आहे. स्वतःचे शेवटी."

आम्ही चौघांनी माना डोलावल्या. कथेकरी बुवांपुढे डोलवतात तशा. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सौभाग्यवतींचा आवाज आला. सासऱ्यांसमोर त्या मोठ्याने बोलत नाहीत, पण ऐकू जाईल इतके बोलतात.

"नाना, निकष चांगलेच होते. पण पुढे काय झाले? राम हरणामागे गेला, मागोमाग लक्ष्मणही गेला, आणि सीता बिऱ्हाडात एकटी राहिली."

नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पोथी मिटली. ते का हसले नाहीत ते मला ठाऊक होते.

इथे मला एक जुनी गोष्ट पुन्हा सांगावी लागेल. चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुटीत, आम्ही कोकणात उतरणाऱ्या एका घाटाच्या पायथ्याशी मुक्काम केला होता. घाट देखणा होता म्हणून मुक्काम तिथे. गाव म्हणून काही नव्हतेच. एक निवासस्थान, एक चहाची टपरी आणि झाडी. तिसऱ्या दिवशी सकाळी उतारावर खडी होती, माझी सायकल घसरली आणि खांद्याचे हाड मोडले. मित्रांनी एका जीपला हात केला आणि मला तालुक्याच्या गावी नेले. या सदराच्या वाचकांना हे आठवत असेल, कारण पुढच्याच महिन्यात मी त्यावर इथे एक विनोदी लेख लिहिला होता. हाड बसवणाऱ्या डॉक्टरांच्या मिशा, जीपमधल्या कोंबड्या, सारे त्यात होते. पुष्कळांची पत्रे आली. लेख आवडला म्हणाले.

त्या लेखात सौभाग्यवतींवर एकच वाक्य होते : 'दुपारी आमच्या सौ. येऊन पोचल्या.' परवा जुना अंक काढून पाहिला, तेव्हा ते वाक्य मला वाचवेना. तिला फोन गेला सकाळी दहाला. 'पडले आहेत, दवाखान्यात नेतो आहोत,' एवढेच सांगून मित्राचा फोन तुटला, कारण घाटात आवाज पोचत नव्हता. मुक्कामी वाहन नव्हते. रिक्षा नव्हती. एस.टी. दोन वाजता होती. चार तास ती त्या टपरीपुढच्या दगडावर बसून होती. किती लागले, शुद्ध आहे की नाही, काही ठाऊक नाही. ती दवाखान्यात पोचली साडेचारला. मी तेव्हा मिशांचे निरीक्षण करीत होतो. ती काही बोलली नाही. माझ्या डब्यातला भात कालवून तिने मला डाव्या हाताने खायला शिकवले. पुढेही कधी बोलली नाही. मी समजलो, विसरली.

पेत्रार्काच्या त्या पत्रात एक भाग आहे. तो मी अनेकदा वाचला होता आणि नुसता मनोरंजक म्हणून सोडून दिला होता. डोंगर चढायचे ठरल्यावर तो सोबती निवडायला बसतो. हा मित्र फार संथ, तो फार उतावळा, एक फार उदास, दुसरा फार आनंदी. शेवटी तो धाकट्या भावाला बरोबर नेतो. चढताना भाऊ सरळ वाटेने जातो आणि कवी सोपी वाट शोधीत खाली-खाली भरकटतो आणि दमतो. माथ्यावर पोचल्यावर तो संत ऑगस्टिनचे पुस्तक उघडतो, आणि जे समोर येते त्याने शरमतो. माणसे पर्वत पाहायला जातात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात, असा त्याचा आशय. साडेसहाशे वर्षांहून जुना धडा. मी तो मुलांना शिकवला आहे, पण दगडावर बसून राहिलेली बायको मला त्यात दिसली नव्हती.

दुसऱ्या बैठकीला मी दोघींना बोलावले. सौभाग्यवती दोनशे पानी वही घेऊन आल्या. तिच्यात सात प्रश्न होते. सहा त्यांनी वाचून दाखवले. तुम्ही सकाळी सातला निघून दोनला येणार, तर मधले सात तास आम्ही पायी जाऊ शकू असे तिथे काय आहे? गावात दुकाने किती, आणि बंद कधी असतात? दुसऱ्या गावी जायला बस आहे का? खोली जिने चढून आहे का? (त्यांचा गुडघा हल्ली बोलू लागला आहे.) स्वयंपाकघर आहे का? आणि पाऊस पडला तर तुम्ही काय करणार? बोर्मिओ, बूर द्वाझाँ, पोयेन्सा, जिरोना, बेद्वँ : पाचही गावे पुन्हा तपासली गेली. आणि आश्चर्य असे, की हे प्रश्न सायकलच्या दृष्टीनेही आम्हां चौघांच्या प्रश्नांपेक्षा चांगले निघाले. दहा दिवसांत एक दिवस पाऊस, एक दिवस पाय दुखणे आणि एक दिवस कंटाळा हे गृहीतच धरावे लागते. त्या दिवशी आपण सायकलवाले उरत नाही, नुसते बिऱ्हाडकरू उरतो. मग ज्या गावात बिनसायकलवाल्यांना करमते तिथेच आपल्यालाही करमते.

यातून जे गाव निघाले ते कोणाच्याच यादीत नव्हते. ते दोघींनी नकाशावर शोधले. वेझाँ-ला-रोमेन. व्हाँतूच्या पायथ्याला चिकटलेले नाही, वीसेक किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे म्हणा. पण व्हाँतूला बेद्वँखेरीज आणखी दोन बाजू आहेत, आणि त्यांतली एक मालोसेन गावातून चढते. मालोसेन वेझाँपासून दहा किलोमीटरवर. म्हणजे अंग गरम करायला दहा किलोमीटर, मग एकवीस किलोमीटर घाट, बेद्वँच्या बाजूइतकाच कठीण. आणि मला लाज वाटली ती अशी, की पेत्रार्क चढला होता तो मालोसेनहूनच! पुस्तक माझ्याकडे होते, नकाशा तिने पाहिला.

दुसऱ्या दिशेला दाँतेल नावाचे करवती सुळके, त्यांच्या पायथ्याशी द्राक्षांचे मळे आणि त्यांतून जाणारे बारके रस्ते. नाशिककरांना द्राक्षांची अपूर्वाई नाही, पण दमलेल्या पायांना सपाटी लागते ती तिथे आहे. गावात रोमन काळातली घरे, रस्ते आणि नाट्यगृह उकरून काढलेले, चालत पाहता येणारे. मंगळवारी मोठा आठवडे बाजार, शेकडो वर्षे चालत आलेला. उव्हेझ नदीवर एका कमानीचा रोमन पूल, सुमारे दोन हजार वर्षांचा. १९९२ साली २२ सप्टेंबरला त्या नदीला असा पूर आला, की गावाने तीसहून अधिक माणसे गमावली. पाणी पुलावरून गेले, कठडे वाहून गेले, पूल राहिला. हे ऐकून नाना म्हणाले, "म्हणजे त्यांचा दुतोंड्या मारुतीच." गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पूर मोजणाऱ्या माणसाला ते गाव तत्काळ आपले वाटले. जुने गाव पलीकडे खडकावर आहे, तिथे चढउतार. म्हणून खोली अलीकडच्या सपाट भागात घ्यायची, गुडघ्याच्या सोयीसाठी.

गाव ठरले तेव्हा बाकीच्या गोष्टी आपोआप ठरत गेल्या. युरोपातल्या त्या एकोणतीस देशांना एकच व्हिसा चालतो, पण अर्ज करायचा तो जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. म्हणजे बिऱ्हाड ठरल्याशिवाय कोणते दार ठोठवायचे हेच कळत नाही. अर्ज सहा महिन्यांआधी घेत नाहीत. फी माणशी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा आजार-अपघाताचा विमा हवाच. खांदा मोडून बसलेल्या माणसाला ही अट जाचक वाटत नाही.

सायकली तिथेच भाड्याने घ्यायच्या ठरल्या. पण एक सूचना डॉक्टर सर्वांना रोज करतात. तिथे रहदारी उजव्या हाताने चालते, हे सर्वांना ठाऊक असते. ब्रेकही उलटे असतात हे ठाऊक नसते. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाला असतो, तिथे तो मागच्या चाकाला, आणि डावा पुढच्याला. उतारावर हात सवयीने चुकला तर माणूस सायकलच्या पुढे घरी पोचतो. म्हणून सायकल घेतानाच ब्रेक बदलून मागावेत किंवा पहिला दिवस सपाटीवर काढावा.

जेवणाचे खाते दोघींकडे. भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला बरोबर जाईल. तुपाची बरणी मात्र जाणार नाही. बाहेरच्या प्रवाशांनी दूधदुभत्याचे किंवा मांसाचे पदार्थ आणू नयेत असा युरोपीय संघाचा नियम आहे. त्यामुळे पेढेही नाहीत. तांदूळ नेण्याची गरज नाही, दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या मुखाशी भाताची शेती आहे. मसूर तिथे सर्रास मिळतो. दुकाने दुपारी जेवणासाठी बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर तर बहुतेक सारीच. बँकवाल्यांच्या वहिनी मूळच्या पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "मग मला काही परके वाटायचे नाही."

राहिला सातवा प्रश्न. तो मला वहीत सापडला, बैठक मोडल्यावर, कप उचलताना. इतर प्रश्न शाईत होते, हा शिसपेन्सिलीने, खाली कोपऱ्यात लिहिला होता : 'फोन आला तर तिथवर मी किती वेळात पोचेन?'

वही होती तशी ठेवली. पण त्या रात्री नकाशा घेऊन मीच बसलो. घाटांचे चढ मोजायला शिकलो होतो, अंतर मात्र प्रथमच या बाजूने मोजले. वेझाँहून मोठ्या दवाखान्यांची दोन गावे, ओरांज आणि कार्पाँत्रा, दोन्ही तीस किलोमीटरच्या आत. दोन्हींकडे बस जाते. गावात भाड्याची मोटार मिळते. संकटात फिरवायचा क्रमांक ११२, साऱ्या युरोपीय संघात एकच, आणि आता आपल्याकडेही तोच. हे सर्व मी एका कागदावर लिहिले आणि तिच्या वहीत त्याच पानावर ठेवून दिले. सकाळी कागद तिथेच होता. फक्त शिसपेन्सिलीच्या ओळीवर बरोबरची खूण होती. आम्ही दोघेही त्याविषयी काही बोललो नाही.

तिसऱ्या बैठकीत मी एक ठराव मांडला आणि तो नानांच्या आशीर्वादाने संमत झाला. रोज चौघांपैकी एकाने बिऱ्हाडी थांबायचे. त्या दिवशी त्याने सायकलला हात लावायचा नाही. इंजिनीयरांनी त्याचा तक्ता केला आणि वर मथळा दिला : 'लक्ष्मणाची पाळी.' खाली डॉक्टरांनी लिहिले, 'रेघ ओढून पळून जाऊ नये.'

परदेशी सायकल घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी पत्रे पाठवून घाटांची नावे विचारू नयेत. घाट पुष्कळ आहेत आणि सगळेच सुंदर आहेत. नकाशा उघडण्यापूर्वी घरातल्या न जाणाऱ्या माणसाला वही द्यावी, आणि तिचे शेवटचे पान आपण होऊन पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.

पहिल्या दिवसाची पाळी मी मागून घेतली. डॉक्टर आणि मंडळी त्या दिवशी व्हाँतू पाहायला मालोसेनपर्यंत जाऊन येणार आहेत. मला वाटले, या त्यागाचे घरी थोडे कौतुक होईल. सौभाग्यवतींनी तक्त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "बरे झाले. तो मंगळवार आहे. बाजारात पिशव्या धरायला कोणीतरी हवेच होते."